संशयास्पद ई-मेल : ओळख, सावधगिरी आणि उपाय



काही काळापूर्वी पुणे शहरातील एका धर्मग्रामातील निवृत्त शिक्षिकेला आपल्या धर्मगुरूंच्या नावाने एक ई-मेल आला. 'आपण मोकळ्या आहात का? एक लहानसे काम होते,' एवढाच त्यातील मजकूर होता. बाईंनी तत्परतेने 'सांगा फादर' असे उत्तर पाठवले. दुसऱ्या ई-मेलमध्ये खुलासा आला : फादर एका सभेत अडकले आहेत, फोन घेता येत नाही, इस्पितळातील एका कर्करुग्णाला तातडीने मदत हवी आहे, बाईंनी ऑनलाइन भेटकार्डे विकत घेऊन त्यांवरचे क्रमांक पाठवावेत, रविवारी पैसे परत मिळतील. बाईंनी तीन कार्डे घेतली, क्रमांक पाठवले आणि रुग्णासाठी प्रार्थनाही केली. रविवारी मिस्सानंतर त्यांनी फादरांना रुग्णाची प्रकृती विचारली, तेव्हा सारा उलगडा झाला. फादरांनी असा कोणताही ई-मेल पाठवला नव्हता.

या प्रसंगाचा अधिक क्लेशदायक भाग पुढेच आहे. बाईंनी ही गोष्ट त्यानंतर आठवडाभर कोणालाही सांगितली नाही, स्वतःच्या मुलालाही नाही. 'पैसे गेले त्याचे दुःख नाही. पण चाळीस वर्षे मुलांना शिकवले आणि आपणच फसलो, हे कोणत्या तोंडाने सांगू?' असे त्या आम्हांला म्हणाल्या. त्यांच्या अनुमतीनेच आम्ही हे लिहीत आहोत. पैसे नेणाऱ्याला जितका लाभ बाईंच्या विश्वासाचा झाला, तितकाच त्यांच्या संकोचाचाही झाला. म्हणून या लेखात फसवे ई-मेल कसे ओळखावेत, एवढेच सांगून आम्ही थांबणार नाही. फसल्यावर पहिल्या तासात काय करावे, हेही सविस्तर मांडणार आहोत.

१. पाठवणाऱ्याच्या नावावर विश्वास का ठेवता येत नाही?

पोस्टाने आलेल्या पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता असतो. ते नाव खरे आहे की नाही, याची चौकशी पोस्टमन करत नाही. ई-मेलचेही असेच आहे. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला संदेश पाठवला. त्यानंतर १९८२ साली ई-मेलची ने-आण करण्याचे जे नियम ठरले, तेच मूलतः आजही वापरात आहेत. त्या काळी हे जाळे मोजक्या विद्यापीठांपुरते व संशोधनसंस्थांपुरते मर्यादित होते आणि वापरणारे बहुधा एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे पाठवणारा स्वतःचे जे नाव सांगेल ते मान्य करायचे, अशीच रचना झाली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा हीच रचना आपल्याकडे आली.

पुढे ही उणीव भरून काढण्यासाठी पाठवणाऱ्या संगणकाची पडताळणी करणाऱ्या पद्धती आल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने ई-मेल पाठवणाऱ्यांना अशी पडताळणी सक्तीची केली. त्यामुळे एखाद्या बँकेचा हुबेहूब पत्ता वापरून ई-मेल पाठवणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. परंतु फसवणाऱ्याला त्याची गरजच नसते. तो कोणत्याही मोफत सेवेवर नवे खाते उघडतो आणि नावाच्या रकान्यात धर्मगुरूंचे नाव लिहितो. आपल्या मोबाइलच्या लहान पडद्यावर फक्त ते नाव दिसते. त्यामागचा खरा पत्ता नावावर बोट ठेवल्याशिवाय दिसत नाही. धर्मगुरूंचे नाव, धर्मग्रामाचे नाव, पदाधिकाऱ्यांची यादी ही माहिती तर पत्रकांतून आणि संकेतस्थळांवरून कोणालाही मिळते.

उत्पत्तीच्या पुस्तकातील सत्ताविसाव्या अध्यायात वृद्ध इसहाकाची कथा आहे. याकोब एसावाची वस्त्रे घालून आणि हातांवर करडांची कातडी बांधून पित्यापुढे आला. इसहाकाला आवाजावरून शंका आली होती. त्याने हात चाचपून पाहिले आणि तू खरोखर एसावच ना, असे विचारलेही; पण विचारले ते समोर उभ्या असलेल्यालाच! खरा एसाव तेव्हा रानात होता. संशय आलेल्या ई-मेललाच उत्तर पाठवून 'हे आपणच का?' असे विचारणारे आपण नेमकी हीच चूक करतो. खात्री करायची ती दुसऱ्या वाटेने, म्हणजे आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून किंवा प्रत्यक्ष भेटून.

२. फसव्या ई-मेलचे प्रमुख प्रकार

(अ) धर्मगुरूंच्या वा बिशपांच्या नावाने मदतीची मागणी. बाईंना आलेला ई-मेल या प्रकारातील होता. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०१९ मध्ये, विविध धर्मांच्या पुरोहितांची नावे घेऊन भाविकांकडून भेटकार्डे उकळली जात असल्याचा जाहीर इशारा दिला होता. भेटकार्डांचीच मागणी होण्याचे कारण सरळ आहे. कार्डाचा क्रमांक हाती आला की मूल्य क्षणात वापरता येते, आणि बँक खात्याप्रमाणे त्याचा माग काढणे सोपे नसते.

(आ) बँक खाते बदलल्याची सूचना. हा प्रकार रकमेच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातील ब्रन्सविक येथील सेंट अॅम्ब्रोज या कॅथलिक धर्मग्रामात २०१९ साली चर्चच्या दुरुस्तीचे मोठे काम चालू होते. ईस्टरच्या सुमारास ठेकेदाराने चौकशी केली, की दोन महिन्यांचे देणे का मिळाले नाही? धर्मग्रामाने तर सुमारे १७ लाख ५० हजार डॉलर वेळेवर पाठवले होते. तपासात कळले, की चोरांनी दोन कर्मचाऱ्यांच्या ई-मेल खात्यांत शिरकाव करून घेतला होता आणि ठेकेदाराने बँक बदलल्याचा समज करून देऊन पैसे स्वतःच्या खात्याकडे वळवले होते. येथे कोणी अनोळखी माणूस अचानक काही मागत नव्हता. काम खरे होते, ठेकेदार खरा होता, देय रक्कमही खरी होती. खोटा होता तो फक्त खाते क्रमांक.

(इ) वरिष्ठांच्या नावाने आलेला आदेश. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट या प्रख्यात लसनिर्मिती कंपनीच्या एका संचालकाला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने व्हॉट्सअॅपवर संदेश आले आणि काही खात्यांत तातडीने पैसे भरण्यास सांगण्यात आले. कंपनीतून १ कोटी १ लाख रुपयांहून अधिक रक्कम गेली. नंतर बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्यात आला. संदेशाचे माध्यम ई-मेल नसून व्हॉट्सअॅप होते, पण युक्ती तीच : वरिष्ठांचे नाव, घाई, आणि उलट प्रश्न विचारण्याचा संकोच. एवढ्या मोठ्या कंपनीत हे घडू शकते, तर आपल्या शाळांच्या आणि चर्चच्या कार्यालयांनी किती सावध असावे, हे वेगळे सांगायला नको.

(ई) बँक, आयकर खाते, वीज कंपनी यांच्या नावाने. 'केवायसी अपूर्ण आहे, आज रात्री खाते बंद होईल', 'आयकराचा परतावा मंजूर झाला आहे, येथे क्लिक करा', 'बिल थकल्याने वीजपुरवठा तोडण्यात येईल' हे मजकूर आता बहुतेकांच्या परिचयाचे आहेत. दुवा उघडला की बँकेच्या संकेतस्थळासारखेच दिसणारे पान येते आणि तेथे लिहिलेला पासवर्ड थेट चोराच्या हाती पडतो. आयकर खात्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या नोटिसा व आदेशांवर एक स्वतंत्र दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, आणि तो खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन कोणालाही पडताळून पाहता येतो.

(उ) परदेशी देणगी, वारसा आणि लॉटरी. 'मी मरणासन्न विधवा असून माझी संपत्ती आपल्या चर्चला अर्पण करू इच्छिते' अशा अर्थाचे ई-मेल धर्मग्रामांना आणि धर्मभगिनींच्या मठांना फार वर्षांपासून येत आहेत. पुढे मुद्रांक शुल्क, वकिलाची फी, रिझर्व्ह बँकेचे प्रमाणपत्र अशा नावांखाली थोडे थोडे पैसे मागितले जातात. येथे कायद्याची माहिती हीच ढाल आहे. परदेशी देणगी नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनुसार, परदेशातून येणारी देणगी नोंदणीकृत अथवा पूर्वपरवानगी घेतलेल्या संस्थेलाच आणि तीही प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच स्वीकारता येते. पुण्यातील साध्या खात्यात, फी भरून, परदेशी देणगी आणण्याचा कोणताही वैध मार्ग नाही. परदेशी लॉटरीसाठी भारतातून पैसे पाठवणे तर परकीय चलनाच्या नियमांनुसार निषिद्धच आहे. रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती ठेवत नाही आणि कोणाला बक्षिसाची रक्कमही देत नाही.

(ऊ) पोलीस किंवा न्यायालयाच्या नावाने धमकी. अशोकस्तंभाची मुद्रा आणि मोठ्या अधिकाऱ्याची सही असलेले पत्र ई-मेलने येते : आपण अश्लील चित्रे पाहिल्याचे आढळले आहे, २४ तासांत उत्तर न दिल्यास अटक होईल. काही ई-मेलमध्ये आपला एखादा जुना पासवर्ड लिहून, आपल्या संगणकाच्या कॅमेऱ्यातून चित्रण केल्याचा दावा असतो. हा पासवर्ड बहुधा एखाद्या संकेतस्थळाच्या फुटलेल्या यादीतून मिळालेला असतो. तो कळला म्हणजे चित्रणही असेल, असे मुळीच नाही. अशा पत्राला उत्तर दिले, की पुढे व्हिडिओ कॉलवरून 'डिजिटल अरेस्ट'चा धाक दाखवला जातो. आपल्या कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितले होते.

(ए) परदेशातील नोकरी. आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी परिचारिका, जहाजावरील कर्मचारी किंवा हॉटेल व्यवसायातील कर्मचारी म्हणून परदेशी जातात. मुलाखतीशिवाय नेमणूकपत्र आणि व्हिसासाठी आगाऊ रक्कम, असा ई-मेल आल्यास सावध व्हावे. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या मध्यस्थाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ही नोंदणी तपासता येते.

३. पुण्याने २००५ साली शिकवलेला धडा

फसवणूक म्हणजे संगणकाची कुलपे तोडण्याची अघोरी विद्या, असा पुष्कळांचा समज असतो. एप्रिल २००५ मध्ये पुणे पोलिसांनी उघडकीस आणलेले प्रकरण हा समज दूर करते. पुण्यातील एका कॉल सेंटरमधील आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या चार अमेरिकन खातेदारांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील बनावट खात्यांत वळवल्याचा आरोप होता. त्यासाठी कोणतीही यंत्रणा फोडावी लागली नव्हती. मदतीच्या बहाण्याने गोड बोलून खातेदारांकडूनच त्यांचे गुप्त पिन मिळवण्यात आले होते.

भारतातील कॉल सेंटरसंबंधी गाजलेल्या अगदी सुरुवातीच्या प्रकरणांपैकी हे एक होते. त्या वेळी दूरच्या अमेरिकन ग्राहकांविषयी आपल्याला हळहळ वाटली. आज त्यांच्या जागी आपण आहोत. त्या चार खातेदारांचे बँकेशी काही वैर नव्हते, की ते निष्काळजी म्हणून प्रसिद्ध नव्हते. आपल्याशी आदराने बोलणाऱ्या माणसावर त्यांनी विश्वास ठेवला, एवढेच. फसव्या ई-मेलचे लक्ष्य नेहमी माणूस असतो, यंत्र नव्हे.

४. ओळखण्याच्या खुणा

पुढील प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी.

१) घाई आहे का? आजच, आत्ताच, रात्री बारापूर्वी, असा तगादा हे सर्वांत ठळक लक्षण होय. घाईत माणूस विचार करत नाही, म्हणूनच घाई केली जाते.

२) गुप्तता आहे का? 'कोणाला सांगू नका', 'मला फोन करू नका, मी सभेत आहे' असे सांगितले, की लगेच फोन करावा. प्रामाणिक माणसाला खात्री केल्याचा राग येत नाही.

३) पैसे, भेटकार्डे, ओटीपी, पिन किंवा पासवर्ड मागितला आहे का? कोणतीही बँक यांतले काहीही ई-मेलवर मागत नाही. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत.

४) खरा पत्ता काय आहे? नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता पाहावा. दुव्याचा पत्ता वाचताना टपालाच्या पत्त्याप्रमाणे शेवटाकडे पाहावे. पाकिटावर सुरुवातीला कितीही मोठे नाव असले, तरी गाव शेवटच्या ओळीतच असते. दुव्यातही पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधीचा भाग खरा मालक सांगतो. सुरुवातीला बँकेचे नाव आणि शेवटी भलतेच काही 'डॉट कॉम' असेल, तर ते पान बँकेचे नव्हे. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नावाखाली नेण्यास सांगितले होते. हे नाव बँकांखेरीज इतरांना मिळत नाही. मात्र ते पत्त्याच्या शेवटीच असले पाहिजे, मधे कोठेतरी असून उपयोग नाही.

५) जोडलेली फाइल अनपेक्षित आहे का? न मागितलेले बिल, अनोळखी अर्ज किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेले मोबाइल अॅप उघडू नये. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर चोरीस गेले. बँकेच्या कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाच्या निमित्ताने पाठवलेल्या ई-मेलमधून चोरांनी आत शिरण्याचा प्रयत्न केला होता, असे अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१८ च्या आरोपपत्रात म्हटले आहे.

६) भाषा ओळखीची वाटते का? त्याच चोरीत श्रीलंकेतील एका संस्थेकडे निघालेले आणखी २ कोटी डॉलर वाचले, कारण 'फाउंडेशन' हा शब्द 'फँडेशन' असा लिहिला गेला होता आणि एका बँकेने त्यावर शंका घेतली. पूर्वी अशुद्ध भाषा ही मोठी खूण होती. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणालाही निर्दोष मराठी लिहिता येते. त्यामुळे भाषा अशुद्ध असल्यास संशय घ्यावा. परंतु शुद्ध आहे म्हणून विश्वास ठेवू नये. आपले फादर आपल्याला 'बाई' म्हणतात की 'सिस्टर', पत्राचा शेवट कसा करतात, यांसारख्या घरगुती खुणा अधिक उपयोगी पडतात.

५. संशय आल्यास काय करावे?

उत्तर देऊ नये, दुवा उघडू नये, दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये. आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावरून संबंधित व्यक्तीशी बोलावे. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा. इंटरनेटवर शोधलेला ग्राहकसेवा क्रमांकही बनावट असू शकतो. त्यानंतर ई-मेल सेवेतील 'फिशिंग' म्हणून तक्रार करण्याचा पर्याय वापरावा. ई-मेल कोणा ओळखीच्या व्यक्तीच्या नावाने आला असल्यास तिला कळवावे, म्हणजे ती इतरांना सावध करू शकेल.

चुकून दुवा उघडून पासवर्ड दिला असल्यास दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून तो ताबडतोब बदलावा, इतर सर्व ठिकाणचे लॉगिन बंद करावे आणि दुहेरी पडताळणी सुरू करावी. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. चोर ई-मेल खात्याच्या सेटिंगमध्ये आपली पत्रे स्वतःकडे परस्पर वळवण्याचा नियम लिहून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी तो नियम कायम राहतो. तो शोधून काढून टाकावा. खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन क्रमांक आपलाच आहे ना, हेही पाहावे.

६. पैसे गेले असल्यास : पहिला तास

१) १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर त्वरित फोन करावा. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवले जातात आणि शेवटी रोख काढले जातात. १९३० वरील तक्रार बँकांच्या यंत्रणेपर्यंत लगेच पोहोचते आणि वाटेत असलेली रक्कम गोठवता येते. एकदा ती रोख झाली, की परत मिळणे फार कठीण होते. म्हणून उद्या सकाळी नव्हे, आत्ताच फोन करावा.

२) आपल्या बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले, की ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडू नये. ग्राहकाने स्वतः पासवर्ड वा पिन दिला असल्यास कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. दोन्ही बाबतींत कळवण्याची वेळ निर्णायक ठरते. सध्या लागू असलेले तपशील आपल्या शाखेत विचारून घ्यावेत. बँकेने ३० दिवसांत दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

३) राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार नोंदवावी. पुणे शहर पोलिसांचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. 'आमच्या हद्दीत येत नाही' या उत्तराने परत फिरू नये.

४) पुरावा जपावा. रागाने किंवा लाजेने ई-मेल पुसून टाकू नये. मूळ ई-मेल, व्यवहाराचे क्रमांक, संदेशांची छायाचित्रे जपून ठेवावीत. मूळ ई-मेलच्या अदृश्य शीर्षभागात तो कोणकोणत्या संगणकांमार्गे आला, याची नोंद असते. पुढे धाडलेल्या प्रतीत ती राहत नाही.

५) दुसऱ्या फसवणुकीपासून सावध राहावे. 'आपले गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा' असे सांगणारा माणूस बहुधा त्याच टोळीतला असतो.

कायद्याच्या दृष्टीने हे गुन्हे गंभीर आहेत. दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख कपटाने वापरणे (माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ६६ क) आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे (कलम ६६ ड) यांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इंग्रजीत ही कलमे अनुक्रमे 'सी' आणि 'डी' या अक्षरांनी ओळखली जातात. याशिवाय भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीची कलमेही लागू होतात.

आपल्या तरुणांना आणखी एक सूचना. थोड्या मोबदल्यासाठी आपले बँक खाते कोणाला 'वापरायला' देऊ नये. चोरीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो आणि पोलिसांच्या हाती प्रथम लागतो तो खातेदारच.

७. धर्मग्राम, शाळा आणि संस्थांसाठी नियमावली

१) धर्मगुरू वा बिशप ई-मेल, संदेश किंवा समाजमाध्यमावरून वैयक्तिक खात्यात पैसे अथवा भेटकार्डे कधीही मागणार नाहीत, असे रविवारच्या सूचनांमध्ये वेळोवेळी जाहीर करावे.

२) ठेकेदार वा पुरवठादाराने खाते बदलल्याचे कळवल्यास, जुन्या करारावरील क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. खात्री कोणी, कधी, कोणाशी बोलून केली, याची नोंद फाइलमध्ये ठेवावी.

३) मोठ्या रकमेसाठी दोन व्यक्तींची मंजुरी आवश्यक असावी आणि दोघांनीही कागद प्रत्यक्ष पाहावा. दुसरी सही केवळ उपचार ठरली, तर ती नसल्यासारखीच.

४) कार्यालयाच्या ई-मेलचा पासवर्ड सर्वांत मिळून एक नसावा. सेवक बदलला, की पासवर्ड बदलावा. दुहेरी पडताळणी अवश्य ठेवावी.

५) कार्यालयातील कर्मचाऱ्याला 'फादर, हे आपणच पाठवले का?' असे विचारण्याची पूर्ण मुभा असावी. ज्या कार्यालयात वरिष्ठांना प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजला जातो, ते कार्यालय चोराला सर्वांत सोयीचे असते. हे आम्ही आमच्या धर्मगुरूबंधूंना विशेष आग्रहाने सांगू इच्छितो.

६) ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत आणि युवकांच्या मेळाव्यात वर्षातून एकदा तरी हा विषय घ्यावा. १९३० हा क्रमांक सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लावावा.

८. समारोप

प्रभूने आपल्या शिष्यांकडून चतुराई आणि निष्कपटपणा या दोन्ही गुणांची एकत्र अपेक्षा केली. आपल्यापैकी बहुतेकांनी निष्कपटपणा जपला. चतुराई मात्र जगाच्या लोकांचे काम म्हणून दूर ठेवली. खात्री करून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याच्या नावाने पैसे मागितले जात आहेत, त्याच्या नावाचेही त्यामुळे रक्षण होते.

ज्या बाईंच्या अनुभवाने आम्ही सुरुवात केली, त्यांनी अखेर तक्रार नोंदवली. पैसे परत मिळाले नाहीत. तेवढ्या दिवसांत कार्डे केव्हाच वापरली गेली होती. परंतु पुढच्या महिन्यात त्या धर्मग्रामातील ज्येष्ठांच्या सभेत त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि आपली हकिकत त्यांनी सर्वांना सांगितली. सभा संपल्यावर दोन जणांनी हळूच जवळ येऊन, तसाच ई-मेल आपल्यालाही आला होता, असे सांगितले. त्यांपैकी एकाने पैसेही पाठवले होते, आणि घरात अद्याप कोणाला ते ठाऊक नव्हते.

फसवले जाणे हे पाप नाही. लाज वाटायची असेल, तर ती फसवणाऱ्याला वाटावी. आपल्या घरातील वृद्ध आई-वडिलांना, आजी-आजोबांना आजच एवढे सांगून ठेवावे : 'असे काही झाले, तर आम्ही रागावणार नाही, फक्त लगेच सांगा.' या एका वाक्याने कदाचित त्यांचे पैसे वाचतील. ते वाचले नाहीत, तरी त्यांना ते दुःख एकट्याने सोसावे लागणार नाही.